एका फिल्मवर दोन दिवस

फोटोबाई काही गोड बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सरकारी दवाखान्याच्या एक्स-रे विभागात तिने बत्तीस वर्षं काढली, आणि त्या बत्तीस वर्षांत "श्वास रोखा" आणि "सोडा" याच्या पलीकडे ती कुठल्या पेशंटशी दोन शब्द जास्त बोलल्याचं कुणाला आठवत नाही. कॉलनीतल्या सगळ्यांच्या छात्यांचे, गुडघ्यांचे, मणक्यांचे फोटो तिनेच काढले, म्हणून ती फोटोबाई. तोंडावर फोटोबाई आणि पाठीमागे आगलाव्याची पोरगी. साठी आली तरी पोरगीच.

कॉलनी कागद गिरणीची. पाच रांगा, मध्ये मैदान, मैदानाच्या टोकाला सभागृह. गिरणी बंद होऊन जमाना झाला, पण माणसं होती तिथेच राहिली आणि त्यांचे राग तर कुलूप लावून ठेवल्यासारखे शाबूत राहिले. एकोणपन्नास वर्षांपूर्वी भर दुपारी गिरणीचं गोदाम पेटलं. दोन कामगार माल वाचवायला आत गेले ते बाहेर आले नाहीत. गोदामाचे पहारेकरी होते फोटोबाईचे बाबा. चौकशी झाली, दोष वायरिंगचा निघाला. आग लागली तेव्हा पहारेकरी पंपघरात व्हॉल्व उघडत होता हेही कागदोपत्री आलं. पण कागद वाचतंय कोण? कॉलनीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं ना!

डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणजे फिल्मवर पाहिलं होतं. कॉलनीत तेव्हा हौशी लोकांचा एक फिल्म क्लब होता, आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचा मालक त्याचा कॅमेरावाला. लग्न असो, सहल असो, शर्यती असोत, हा गडी एक डोळा मिटून हजर. आगीलाही हजर होता. महिन्याभराने क्लबने सभागृहात ती फिल्म लावली. लोकांना दिसलं ते असं: वर काळा धूर, खाली ज्वाळा, आणि त्या धुरात पहारेकरी दोन्ही हात वर करून उड्या मारतोय. तोंडभर हसतोय. कोपऱ्यात कुणाचा तरी हात पुन्हा पुन्हा वर येतोय. "अरे, तो मदत मागतोय आणि हा नाचतोय!" कुणीतरी ओरडलं, आणि तेवढ्या एका ओरडण्यावर एका माणसाचा निकाल लागला.

"तो मीच आहे, पण त्या दिवशीचा नाही हो," बाबा घसा फोडून सांगायचे. "ती पोत्यांची शर्यत आहे. मैदानावरची."

"मग पोतं कुठाय?" लोक विचारायचे. पोतं दिसत नव्हतं हे खरंच होतं.

नोकरी गेली. वाणी सामान देईना, शाळेत फोटोबाईशेजारी कुणी बसेना. बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले, तीही खिडकी लावून घेऊन. गेले तेव्हा खांदा द्यायला लांबच्या नात्यातली चार माणसं गोळा करावी लागली. कॉलनीतलं एक दार उघडलं नाही. फोटोबाई तेव्हा वीस वर्षांची होती. कुणाकुणाची दारं बंद होती ते तिने त्या दिवशी डोक्यात नोंदवून घेतलं. समोरच्या रांगेतल्या टेलरबाईचं दार त्यात पहिलं. टेलरबाई म्हणजे आगीत गेलेल्या दोघांतल्या एकाची बायको. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच बाविसाव्या वर्षी विधवा झाली आणि शिवणावर जगली. फोटोबाई समोरून जाताना दिसली की ती मशीन थांबवून खिडकीचं दार धाडकन लावायची. एकोणपन्नास वर्षं. बिजागऱ्या दोनदा बदलल्या तिने, पण नेम चुकला नाही.

"ताई, आपण जाऊ या इथून," धाकटा भाऊ म्हणायचा.

"त्यांनी जावं. मी का जाऊ?" फोटोबाई म्हणायची, आणि विषय तिथेच संपायचा.

आणि मग यंदा कॉलनीला पंच्याहत्तर वर्षं झाली. समितीचा अध्यक्ष कोण, तर धाकटा औषधवाला, त्या कॅमेरावाल्याचा मुलगा. त्याच्या घराचा माळा साफ करताना फिल्मचे बिस्किटाच्या डब्यांतले पन्नासेक गुंडाळे निघाले. सोहळ्यात दाखवू, काय मजा येईल, असं ठरलं. शहरातल्या स्टुडिओवाल्याने रिळं बघूनच हात वर केले. मग कुणाला तरी आठवलं की फिल्म या वस्तूला हात कसा लावायचा हे जाणणारं एकच माणूस कॉलनीत आहे. अध्यक्ष डबे घेऊन फोटोबाईच्या दारात आला. एकोणपन्नास वर्षांत त्या घरातलं कुणी त्या उंबऱ्याशी आलं नव्हतं.

"तुम्ही हे कराल का?" त्याने विचारलं. चेहरा असा की औषध कडू लागलंय.

"करीन," फोटोबाई म्हणाली. "ठेवा आणि निघा."

तिने का हो म्हटलं ते तिच्या भावजयीला लगेच कळलं आणि तिने कपाळावर हात मारला. "ताई, ती फिल्म शोधताय ना? कशाला खपल्या काढायच्या?"

"खपली धरलीय कुठे?" फोटोबाई म्हणाली.

तीन महिने घराचं पार गोदाम झालं. डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा यायचा, कारण जुनी फिल्म सडायला लागली की तसाच वास मारते. जास्त वास येणारे डबे तिने फ्रिजमध्ये ठेवले, दुधाच्या पिशव्यांशेजारी. भावजय म्हणाली, आता आमच्या चहालाही एक्स-रेचा वास येणार. दवाखान्याने भंगारात काढलेली एक्स-रे बघायची दिव्याची पेटी फोटोबाईने घरी आणून ठेवली होती. तिच्यावर फिल्म पसरायची, मऊ कापडाने पुसायची, फाटली असेल तिथे पारदर्शक पट्टीने जोडायची, आणि वर स्टँडला लावलेल्या डिजिटल कॅमेऱ्याने एकेक चौकट टिपायची. एका रिळात चार हजार चौकटी. बोटाच्या नखापेक्षा लहान. लोकांची लग्नं, लोकांची बाळं, लोकांचे गेलेले आईबाप, सगळे तिच्या हाताखालून गेले, आणि तिने ते दात-ओठ खात, पण फुलासारखे जपले. काम वाईट करणं तिला जमतच नसे. शत्रूचाही एक्स-रे तिने कधी हलू दिला नव्हता.

"सहल" असं लिहिलेल्या डब्यात ती सापडली. सहल होतीच, पण सहलीच्या आधी आग होती.

तिने पेटीवर फिल्म ठेवली, भिंग डोळ्याला लावलं आणि पहिल्याच चौकटीत तिला कळलं. अहो, कळणारच! बत्तीस वर्षं तिने नवशिक्यांच्या चुका निस्तरल्या होत्या. वापरलेल्या प्लेटवर चुकून दुसरा पेशंट घेतला की एकाच्या छातीत दुसऱ्याचा खुबा दिसतो. इथे तेच झालं होतं. त्या कॅमेऱ्याची फिल्म दोन वेळा चालवायची असे: एक बाजू भरली की रीळ उलटून दुसरी बाजू, आणि मग धुवायला. औषधवाल्याने एका बाजूला शर्यती घेतल्या, दुसऱ्या बाजूला सहल, आणि धुवायला पाठवायच्या ऐवजी आगीच्या गडबडीत तेच रीळ तिसऱ्यांदा कॅमेऱ्यात घातलं. शर्यतीवर आग चढली. धूर काळा, म्हणून त्यातून बाबांचं धड दिसत राहिलं. ज्वाळा पांढऱ्या, त्यांनी खालचं पोतं खाऊन टाकलं.

आणि डब्याच्या तळाशी औषधाची कागदी पुडी होती. पुडीत हातभर फिल्म गुंडाळलेली. फोटोबाईने ती उलगडून पेटीवर धरली. त्या तुकड्यात धूर नव्हताच. स्वच्छ ऊन, मैदान, बाबा कमरेला बांधलेल्या पोत्यात, हात मोकळे. तिसऱ्यांदा रीळ घालताना सुरुवातीची थोडी फिल्म पुढे सरकली होती, म्हणून तेवढ्यावर आग चढली नव्हती. तुकड्याच्या टोकाला कात्रीचा तिरका काप, आणि आगीच्या रिळाच्या सुरुवातीला तसाच तिरका काप. दोन्ही टोकं पेटीवर शेजारी ठेवली तर केसाचाही फरक नाही. म्हणजे चूक झाली ती झाली. पण फिल्म लोकांना दाखवण्याआधी औषधवाल्याने ती चूक पाहिली होती, आणि चूक उघडी पाडणारा तेवढा तुकडा कापून काढला होता.

दुसऱ्या दिवशी ती दुकानामागच्या खोलीत गेली. म्हातारा औषधवाला चाकाच्या खुर्चीत बसला होता, वय सत्त्याऐंशी, कान शाबूत. तिने पुडी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने ती उघडली नाही. नुसती मुठीत धरली.

"काका, ही कात्री कुणाची?"

"मला काही आठवत नाही."

"पुडी तुमच्या दुकानाची आहे."

"आठवत नाही म्हणालो ना!"

आतून अध्यक्ष धावत आला. त्याने फोटोबाईकडे बघितलं, पुडीकडे बघितलं, आणि सगळं समजूनही काही न समजल्यासारखं तोंड केलं. असली तोंडं या कॉलनीत घरोघर. "बाबांना त्रास देऊ नका, बीपी आहे त्यांना."

"माझ्या बाबांनाही होतं."

"ते रीळ दाखवायचं नाही. दोन माणसं मेलीत त्यात, लोकांच्या भावना आहेत. लग्नं दाखवा, सहल दाखवा."

फोटोबाईने म्हाताऱ्याच्या मुठीतून पुडी सोडवून घेतली. "सहलच दाखवते," ती म्हणाली.

सोहळा रविवारी दुपारी होता. सभागृहाच्या खिडक्यांना काळं कापड लावलं, पडदा बांधला, मागे टेबलावर फोटोबाई लॅपटॉप आणि प्रोजेक्टर घेऊन बसली. भाऊ आला नाही. पहिल्या रांगेत सत्काराचे पाहुणे: चाकाच्या खुर्चीत म्हातारा औषधवाला, आणि आगीत गेलेल्यांच्या घरचं माणूस म्हणून टेलरबाई. पहिला तास झकास गेला. "अगं, ही तर माझी आई!" "बघ बघ, तुझ्या बापाला केस होते!" लोक हसत होते, रडत होते. मात्र मागे वळून कुणी टेबलाकडे पाहिलं नाही. पडदा जणू आपोआप उजळला होता.

मग तिने आग लावली.

पडद्यावर धूर पसरला. बाबा धुरात उड्या मारू लागले आणि मागून कुणीतरी बोललं, "आगलाव्या!" लगेच दुसरा, तिसरा. "बंद करा!" "हिची हिंमत कशी झाली?" "आज सुद्धा? आज सुद्धा ही..." पाण्याची एक बाटली येऊन टेबलाच्या पायावर आपटली. फोटोबाईने चित्र थांबवलं आणि उभी राहिली. तिला भाषण येत नव्हतं. पेशंटला सांगावं तशी ती एकेक गोष्ट सांगत गेली: रीळ तीनदा चाललं, शर्यतीवर आग चढली, हा तुकडा कापला होता, हा जोडून बघा. आणि तिने पुडीतला तुकडा जोडलेली फिल्म लावली. ऊन, मैदान, पोत्यात उड्या मारणारे बाबा. मग त्याच उडीत, पाय जमिनीला टेकायच्या आत, धूर.

क्षणभर वाटलं की झालं, पटलं. तेवढ्यात अध्यक्ष उठला.

"हे सगळं कॉम्प्युटरवर होतं हो! हल्ली काय वाटेल ते जोडता येतं. तीन महिने रिळं हिच्याच घरात होती. आपल्या बापासाठी कुणी काय करणार नाही?"

आणि लोकांनी माना डोलावल्या! केवढा सुटकेचा नि:श्वास टाकला म्हणून सांगू. एकोणपन्नास वर्षांचा राग फुकट गेला नाही, याचं समाधान एकेकाच्या चेहऱ्यावर मावेना. आता आणखी काय दाखवणार? होतं ते सगळं दाखवून झालं होतं. फोटोबाई वायर काढायला वाकली.

"थांब. काढू नकोस."

टेलरबाई उठली होती. काठी टेकत ती पडद्यापाशी गेली. "ती जुनीच लाव. यांनी पाहिलेली. धुरातली. आणि तो हात आला की थांबव."

फोटोबाईने लावली. कोपऱ्यातला हात वर आला. तिने थांबवलं. टेलरबाईने काठीचं टोक त्या हाताच्या बाहीवर ठेवलं.

"ही बाही बघा. पट्ट्या कशा आहेत?"

शेवटी एक म्हातारा म्हणाला, "आडव्या."

"आडव्या. कापड कमी पडलं होतं. मी तेव्हा शिवायला शिकत होते. सगळ्या शर्टाच्या पट्ट्या उभ्या आणि एका बाहीच्या आडव्या. शर्यतीच्या दिवशी तो शर्ट घालून गेला, तुम्ही सगळे त्याला हसलात, परत त्याने कधी घातला नाही. आगीच्या दिवशी तो गिरणीच्या निळ्या कपड्यांत गेला. तेच मला जळलेले आणून दिलेत तुम्ही. हा शर्ट माझ्या ट्रंकेत आहे. आणू?"

आण असं कुणी म्हणालं नाही.

"हे कॉम्प्युटरने केलं काय रे?" तिने अध्यक्षाला विचारलं. "कॉम्प्युटरला माझी बाही कुठून ठाऊक?"

"पण मग... तेव्हाच तुम्ही..." कुणीतरी चाचरत म्हणालं.

"तेव्हा मी आले होते का फिल्म बघायला? घरात पडून होते मी! तुम्ही आलात माझ्याकडे. तू आलास, तुझी आई आली, ही आली. माझा नवरा हात वर करून मदत मागत होता आणि पहारेकरी नाचत होता, असं तुम्ही सांगितलंत. मी आज बघतेय. पहिल्यांदा!" तिने काठी सगळ्यांवरून फिरवली. "तुम्ही सगळे तर बघत होतात ना? त्या शर्टाला हसलेली तोंडं होती ना ही? एकालाही बाही दिसली नाही?"

पहिल्या रांगेतून म्हातारा औषधवाला काहीतरी पुटपुटला. सगळे वळले. "मला कळलं होतं," तो म्हणाला. "फिल्म धुऊन आली त्याच दिवशी. पण क्लबात सगळे वाट बघत होते, आगीची फिल्म, आगीची फिल्म... म्हटलं, गडी कॅमेऱ्यात चुकला म्हणतील. तुकडा कापला. वाटलं, बाकीचं धुरात कुणाला कळणार आहे? मग लोक ओरडले. म्हटलं, आठवड्याने सांगू, राग शांत झाला की." पुढे लोकांनी त्याला बोलू दिलं नाही. जी तोंडं घटकेपूर्वी फोटोबाईवर सुटली होती तीच आता त्याच्यावर सुटली. "लाज नाही वाटली?" "सत्कार कसला करता याचा, बाहेर काढा!" अध्यक्ष खुर्ची ढकलत बापाला दाराकडे नेऊ लागला आणि लोक वाट देईनात. खोटं कशाला बोला, फोटोबाईला ते बघून बरं वाटलं. चांगलं मिनिटभर बरं वाटलं. मग त्या ओरडणाऱ्यांत तिला कुणाकुणाची बंद दारं दिसली आणि तिला सगळ्यांची एकदमच किळस आली.

गर्दी दाराशी भांडत असताना टेलरबाई मागच्या टेबलाशी आली. दोघी इतक्या जवळ कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

"तुझ्याशी मी वाईट वागले," टेलरबाई म्हणाली.

"वागलात."

"तुझ्या बाबांशी तर..."

"ते राहू द्या. त्यांना आता सांगता यायचं नाही."

टेलरबाईचं तोंड वाकडं झालं होतं, पण ती रडली नाही. "तो पुडीतला तुकडा," ती म्हणाली. "त्यात धूर नाही ना?"

"नाही."

"त्यात हा दिसतो?"

"दिसतो. सात सेकंद."

"माझ्याकडे त्याचा एकच फोटो आहे. त्यात तो हलत नाही."

फोटोबाईने तिला माफ केलं नव्हतं. त्या दिवशी नाही, आणि पुढेही तिने ते केल्याचं कधी म्हटलं नाही. पण तिने स्वतःची खुर्ची पुढे सरकवली, टेलरबाईला बसवलं आणि बटण दाबलं. ऊन पडलं. बाबा पोत्यात उड्या मारत आले, पडले, हसत हसत उठले, पुन्हा उडी घेतली. बाजूला चुकलेल्या बाहीचा एक तरुण हात वर करून, मान मागे टाकून काहीतरी ओरडत होता. फिल्म मुकी होती.

"तो काय ओरडतोय?" टेलरबाईने विचारलं.

"उठा, काका, उठा," फोटोबाई म्हणाली. "मी तिथेच उभी होते."

सातव्या सेकंदाला, धूर यायच्या आत, तिने चित्र थांबवलं.